कलम ११ ची नोटीस : सरकारला दिलेले कारखान्याचे गुपित किती सुरक्षित राहते?

आपण सरकारला दिलेली माहिती दुसऱ्या कोणी मागितली, तर ती देण्यापूर्वी आपले म्हणणे विचारणारी नोटीस माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ११ खाली 'त्रयस्थ पक्षाला', म्हणजे ज्याची ती माहिती आहे त्याला, मिळते; ती मी उद्योजकाला मिळणारी एक सार्वजनिक सेवा मानते. गेल्या सात वर्षांत या सेवेशी माझा दोनदा संबंध आला. पहिल्यांदा ती मला मिळाली नाही, दुसऱ्यांदा मिळाली, आणि या दोन प्रसंगांत आमच्या कारखान्याच्या बाबतीत जो फरक पडला तो इतर लघुउद्योजकांना कळावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. कापडाला शेवटच्या टप्प्यात मऊपणा देणारे रसायन आम्ही तयार करतो आणि ते मुख्यतः इचलकरंजी व भिवंडी येथील प्रोसेस हाउसना पुरवतो. या मालातले घटक या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असतात. आमचे पोट ज्यावर चालते ती गोष्ट वेगळी आहे : कोणता घटक कोणत्या तापमानाला, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ घेऊन रिअॅक्टरमध्ये सोडायचा. हे गणित माझ्या सासऱ्यांनी अनेक वर्षे वाया गेलेल्या बॅचेस पचवून बसवले. त्याचे पेटंट आम्ही घेतले नाही, कारण पेटंटसाठी पद्धत जगापुढे मांडावी लागते आणि २० वर्षांनी ती सर्वांची होते. म्हणून ती पद्धत आमच्या घरातल्या दोन माणसांना आणि कारखान्यातल्या एका जुन्या सुपरवायझरला माहीत आहे.

आणि सरकारला. कारण कोणतीही परवानगी मागताना प्रक्रियेचे वर्णन, फ्लोचार्ट, मास बॅलन्सचा तक्ता (किती कच्चा माल आत जातो आणि त्यातून किती माल व टाकाऊ बाहेर पडतो याचा हिशेब), कच्च्या मालाची यादी आणि पुष्कळदा पुरवठादारांची नावेही द्यावी लागतात. ही मागणी मला गैर वाटत नाही. आमच्या टाकीत काय आहे आणि आमच्या नाल्यातून काय जाते हे नियमन करणाऱ्याला कळलेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की तो कागद एकदा नस्तीत, म्हणजे सरकारी फाइलमध्ये, गेला की त्याच्यापर्यंत आणखी कोणकोण पोहोचू शकते.

पहिला प्रसंग असा. एका परवानगीच्या नूतनीकरणासाठी आम्ही संबंधित कार्यालयाला ४६ पानांचा संच दिला होता. काही महिन्यांनी एका ग्राहकाने सहज बोलताना आमच्या मास बॅलन्सच्या तक्त्यातला एक आकडा दशांश चिन्हानंतरच्या दोन स्थळांपर्यंत अचूक सांगितला. चौकशी केल्यावर समजले की कोणीतरी माहिती अधिकारात आमची संपूर्ण नस्ती मागितली होती आणि दोन रुपये पानाच्या दराने ती त्याला मिळालीही होती. अर्जदाराने माहिती का हवी आहे हे सांगण्याची गरज नसते, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हाला कोणी विचारले का नाही, हे विचारायला मी त्या कार्यालयात गेले तेव्हा तिथल्या लिपिकाने नस्ती उघडून माझ्यासमोर ठेवली आणि शांतपणे म्हटले, "मॅडम, यातल्या एका तरी पानावर 'गोपनीय' असं लिहिलंय का, दाखवा." मी सगळी ४६ पाने उलटली. एकाही पानावर तसे लिहिलेले नव्हते.

कलम ११ नीट वाचल्यावर त्याचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते हे माझ्या लक्षात आले. माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असेल किंवा त्याने पुरवलेली असेल, आणि त्या पक्षाने ती गोपनीय मानलेली असेल, तरच जन माहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे कार्यालयात असे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्यावर, नोटीस देण्याचे बंधन येते. आम्ही ती मनात गोपनीय मानली होती, पण ते कागदावर कुठेच उमटले नव्हते. फ्लोचार्ट पाहून कोणाही जाणत्या अधिकाऱ्याला शंका यायला हवी होती, असे मला आजही वाटते. तरीही आमच्या बाजूने आम्ही त्याला काहीच आधार दिला नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

आता सेवा प्रत्यक्षात कशी चालते ते सांगते. अर्ज आल्यापासून ५ दिवसांच्या आत जन माहिती अधिकाऱ्याने त्रयस्थ पक्षाला लेखी नोटीस द्यायची असते. ती हातात पडल्यापासून १० दिवसांत आपण माहिती का देऊ नये याचे निवेदन करायचे असते, आणि अर्ज आल्यापासून ४० दिवसांच्या आत अधिकाऱ्याने निर्णय घेऊन तो आपल्यालाही लेखी कळवायचा असतो. निर्णय विरुद्ध गेला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगासमोर प्रकरण गेले तर त्रयस्थ पक्षाचे म्हणणे ऐकून घेणे आयोगावर बंधनकारक आहे. यातील १० दिवसांची मुदत नोटिशीवरच्या तारखेपासून धरायची नसते. ती आपल्याला मिळाल्याच्या दिवसापासून मोजायची असते, म्हणून नोटिशीचे पाकीट फेकू नये. आमच्या नोटिशीवर ७ तारीख होती आणि पाकिटावरचा वाटपाचा शिक्का १६ तारखेचा होता. ते पाकीट मी निवेदनाला जोडले आणि मुदतीचा वाद तिथेच संपला.

दुसऱ्या प्रसंगापर्यंत आम्ही शहाणे झालो होतो. त्या वेळचा संच देताना मूळ पत्रातच एक परिच्छेद घातला होता, की पान ११ ते १५ वरील मजकूर अधिनियमाच्या कलम ८(१)(घ) च्या अर्थाने व्यापारी गुपित आहे, तो कंपनीत तीनच व्यक्तींना ठाऊक आहे, तो गोपनीय समजून सादर केला आहे आणि कोणी मागितल्यास कलम ११ प्रमाणे आम्हाला आधी विचारावे. त्या पाच पानांच्या माथ्यावर लाल शाईचा 'गोपनीय – व्यापारी गुपित' असा शिक्का मारला होता. पत्राच्या आमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतली होती. एवढ्या तीन गोष्टींवर, म्हणजे एक परिच्छेद, एक शिक्का आणि एक पोच यांवर, ही सारी सेवा उभी आहे. दीड वर्षाने अर्ज आला तेव्हा नोटीसही आली.

निवेदन लिहिताना माझ्या पतींची इच्छा होती की सगळीच नस्ती देऊ नये असे कळवावे. मी त्याला ठाम विरोध केला आणि आज तो निर्णय मला या सर्व प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय वाटतो. कलम ८(१)(घ) मध्ये फक्त 'गुपित आहे' एवढे पुरत नाही; ते उघड झाल्याने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानाला बाधा येईल हेही दाखवावे लागते, आणि व्यापक लोकहितासाठी माहिती देणे आवश्यक आहे अशी सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाली तर ती बाधा सोसावी लागते. कारखान्याचा पत्ता, कामगारांची संख्या, जमिनीचा नकाशा, उत्पादनाचे नाव यांवर गुपिताचा दावा करणारा माणूस खऱ्या गुपिताबद्दल बोलू लागतो तेव्हा अधिकारी त्याच्याकडेही त्याच नजरेने पाहतो. म्हणून आम्ही ४१ पाने द्यायला संमती दिली, उरलेल्या पाच पानांतही स्तंभ आणि ओळी नेमून दाखवल्या, आणि प्रत्येकीपुढे दोन वाक्ये लिहिली : हा आकडा दुसऱ्याच्या हाती गेल्यास तो काय करू शकेल, आणि हाच आकडा बाजारात दुसऱ्या मार्गाने मिळत नाही हे कशावरून.

सोबत त्या पाच पानांची झाकलेली प्रतही दिली. हे काम क्षुल्लक वाटते, पण यात पुष्कळांची फसगत होते. झेरॉक्सवर काळ्या मार्करने ओळ खोडली तर ते पान ट्यूबलाइटसमोर धरल्यावर खालची अक्षरे स्पष्ट दिसतात. आमच्या पहिल्या प्रतीत '८२' हा तापमानाचा आकडा मला स्वतःला वाचता आला. खोडलेल्या पानाची पुन्हा एकदा झेरॉक्स काढावी आणि तीच द्यावी. पीडीएफमध्ये मजकुरावर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवता येतो, त्यामुळे तिथे अक्षरे पुसून मग फाइल तयार करणे हाच मार्ग आहे. कलम १० मध्ये माहितीचा वगळण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला देण्याची तरतूद आहे. ती वापरणे अधिकाऱ्याला सोपे जावे इतके तयार साहित्य आपण दिले, तर तो ते वापरतो असा माझा अनुभव आहे.

निर्णय ३८ व्या दिवशी आला. पाचपैकी तीन पानांवरचा दावा मान्य झाला : घटक टाकण्याचा क्रम, तापमानाचे टप्पे आणि उत्प्रेरकाचे प्रमाण. उरलेली दोन पाने, म्हणजे सांडपाण्याचे परिमाण व त्यातील घटक आणि साठवणुकीतल्या रसायनांची कमाल मात्रा, अर्जदाराला देण्यात आली. अपील करण्याचा सल्ला आम्हाला मिळाला होता, पण आम्ही केले नाही. वसाहतीच्या कुंपणापलीकडे वस्ती आहे, विहिरी आहेत. टाकीत किती टन काय साठवले आहे हे त्या लोकांपासून लपवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आज तर मुळीच वाटत नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याची सक्ती घालावी लागली. तेव्हा जे किंमत मोजून शिकलो ते व्यापारी गुपिताच्या नावाखाली परत झाकणे अत्यंत चुकीचे ठरेल. बनवण्याची रीत आमची आहे. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी एकट्या आमचे नाही.

येथवर वाचून ही सेवा उत्तम आहे असे वाटेल, आणि तिच्या मर्यादेत ती चांगली आहेच. पण त्या मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत गंभीर उणीव दंडाच्या रचनेत आहे. माहिती विनाकारण नाकारली किंवा उशीर केला तर कलम २० खाली जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या खिशातून जातो. देऊ नये ती माहिती दिली, त्रयस्थ पक्षाला नोटीसच काढली नाही, तर मात्र त्या कलमात दंडाची तरतूद नाही. उलट सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम २१ चे संरक्षण आहे. अशा परिस्थितीत दोलायमान झालेला अधिकारी कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. नाकारणाऱ्याला दंड असावाच; माहितीचा अधिकार महाराष्ट्रात लोकांनी उपोषणे करून मिळवला आहे आणि तो दुबळा व्हावा असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु नोटीस न काढल्याची काही तरी जबाबदारी कुठे तरी नोंदली जावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १३ नोव्हेंबर २०१९ च्या निर्णयात कलम ११ ची प्रक्रिया पाळण्यावर भर दिला आहे. खालच्या कार्यालयांत त्याची आठवण अर्जदाराला किंवा उद्योजकालाच करून द्यावी लागते.

दुसरी उणीव अशी की अपिलाची मुदत संपेपर्यंत कागद अर्जदाराच्या हाती देऊ नयेत, असे कलम ११ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेले नाही. निर्णयाची प्रत आपल्याला आणि माहिती अर्जदाराला एकाच दिवशी रवाना झाली, तर अपील करून मिळवायचे काय? म्हणून आम्ही निवेदनाच्या शेवटी लेखी विनंती केली होती की निर्णय विरुद्ध गेल्यास अपिलाच्या ३० दिवसांपर्यंत प्रती देणे थांबवावे. ती मान्य झाली, पण मान्य करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते.

तिसरी गोष्ट उणीव नसून गैरसमज आहे. ही नोटीस फक्त माहिती अधिकाराच्या अर्जापुरती आहे. कार्यालय स्वतःहून जे संकेतस्थळावर टाकते त्याला ती लागू होत नाही. पर्यावरण मंजुरीचेच घ्या. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अटींच्या पालनाचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यावे लागतात आणि ते सार्वजनिक दस्तऐवज असतात. त्याच अधिसूचनेत बौद्धिक संपदेशी संबंधित गोपनीय माहिती, अर्जात तशी नमूद केलेली असल्यास, संकेतस्थळावर ठेवू नये असेही म्हटले आहे. म्हणजे इथेही भार पुन्हा आपल्याच नमूद करण्यावर आहे. तरीही सल्लागाराने जुन्या अहवालातून उचलून पूर्ण प्रक्रिया, तापमानासकट, नव्या अहवालात चिकटवलेली मी पाहिली आहे. अहवाल सल्लागार लिहितो, पण सही आपली असते. ती करण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस वाचनासाठी काढावा.

निविदा भरणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. निविदा उघडून काम दिले गेल्यावर दरपत्रक गुप्त ठेवण्याची अपेक्षा धरू नये. निविदा प्रक्रिया संपल्यावर तिच्यातले कागद व्यापारी गुपित राहत नाहीत, असा दृष्टिकोन झारखंड उच्च न्यायालयाने घेतलेला आहे, आणि सार्वजनिक पैशाचा विचार करता तो मला पटतो. तांत्रिक लिफाफ्यात खरोखरच एखादी रीत लिहावी लागत असेल तर ती वेगळ्या जोडपत्रात लिहावी.

तुलनेसाठी दोन ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, कारण तिथे गोपनीयतेचा विचार कागद स्वीकारतानाच केला जातो. अँटी-डम्पिंगच्या, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात इथे विकला जातो का याच्या, चौकशीत १९९५ च्या नियमांतील नियम ७ प्रमाणे गोपनीय माहिती देणाऱ्याला तिचा उघड करण्याजोगा सारांशही द्यावा लागतो. सारांश शक्य नसेल तर का शक्य नाही ते सांगावे लागते, आणि दावा अवास्तव वाटला तर अधिकारी ती माहिती विचारातच न घेण्याचा पर्याय निवडू शकतो. भारतीय स्पर्धा आयोगाकडेही गोपनीय आणि सार्वजनिक अशा दोन आवृत्त्या द्याव्या लागतात. २०२२ पासून तिथे दावा करणाऱ्याचे स्वयंप्रमाणन आणि ठरावीक प्रतिनिधींपुरतीच माहिती खुली ठेवणारे गोपनीयता वर्तुळ अशी रचना आहे. ही व्यवस्था मोठ्या कंपन्यांच्या वकिलांना परवडणारी आहे हे खरे, पण तिच्यातला मूळ विचार साधा आहे : आत येतानाच दोन संच घ्या. आमच्यासारख्या कारखान्यांचे अर्ज स्वीकारणाऱ्या ऑनलाइन खिडक्यांवर प्रत्येक फाइल जोडताना 'यात व्यापारी गुपित आहे का' एवढा एक रकाना आणि कारण लिहायला चार ओळी दिल्या, तर निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

कायद्याबद्दल बोलायचे तर भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. आपण करार, न्यायालयांनी मान्य केलेली विश्वासाची तत्त्वे आणि ठिकठिकाणी विखुरलेली कलमे यांवर विसंबून आहोत. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात असा कायदा सुचवून त्याचा मसुदाही दिला. त्याची प्रत्यक्ष गरज कलम ११ मध्येच दिसते : लोकहित हानीपेक्षा वरचढ ठरल्यास माहिती देता येते या नियमाला 'कायद्याने संरक्षित व्यापारी गुपिते' हा अपवाद आहे. पण संरक्षण देणारा कायदाच नसेल तर त्या अपवादाचा आधार लहान उद्योजकाने कोणत्या शब्दांत घ्यायचा? आमच्या निवेदनात मी हा मुद्दा घातला होता. निर्णयात त्याचा उल्लेख झाला नाही.

खर्चाचे म्हणाल तर सेवेसाठी शुल्क काहीही नाही. आम्ही एका वकिलांकडून निवेदन तपासून घेतले, पण मसुदा मीच मराठीत लिहिला आणि त्यात फारसे बदल करावे लागले नाहीत. आपल्या कारखान्यात कोणता आकडा मोलाचा आहे हे वकिलांना ठाऊक नसते, त्यामुळे ते लिखाण दुसऱ्यावर सोपवू नये. वेळ मात्र लागतो : पाकीट आल्यापासून निवेदन पोहोचेपर्यंतचे नऊ दिवस माझ्याकडून दुसरे कोणतेही काम झाले नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन. मुदती स्पष्ट आहेत, खर्च नाही, अपिलाची वाट आहे आणि आमच्या प्रकरणात निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक ओळ वाचून वेगवेगळा निर्णय दिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी खरा आदर आहे. दीड गुण कापला तो नोटीस न काढल्यास कोणीच उत्तरदायी नसल्याबद्दल आणि अपिलापर्यंत कागद रोखून धरण्याची हमी नसल्याबद्दल.

सध्या आमच्या कार्यालयात एक जाड वही आहे. कोणत्या सरकारी कार्यालयाला, कोणत्या तारखेला, कोणते गोपनीय पान दिले आणि त्याचा आवक क्रमांक काय, याची तीत नोंद होते. पहिल्या ४६ पानांची नोंदही मी त्या वहीत मागाहून केली आहे. तिच्यापुढचा पोचेचा रकाना रिकामा आहे. पुढचे नूतनीकरण येत्या वर्षी आहे आणि त्यासाठीचे दोन संच, एक पूर्ण आणि एक झाकलेला, सुपरवायझरने आताच लावून ठेवले आहेत.